टर्मिनलपाशी : यादीतून एक नाव काढायचंय

या खेपेची पत्रं वाचताना गंमत वाटली. मजकूर लिहायला कुणाचंच अडत नाही, अडतं ते मजकुराच्या वरच्या चार ओळींपाशी. कुणाला, कुणाच्या नावे, कशाबद्दल. म्हणून आजचं पान त्या चार ओळींचं. नेहमीसारख्या कमांड नागरीत छापल्या आहेत, टाइप मात्र रोमनमध्ये करायच्या. जिथे कॅपिटल अक्षर लागतं तिथे मी ‘मोठा’ म्हटलंय. टिल्डा म्हणजे ती नागमोडी रेघ, बहुतेक किबोर्डांवर एकच्या आकड्याच्या डावीकडे असते.

प्रश्न : ताई, मी ७१ वर्षांचा, एका कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त. नातवाने जुन्या लॅपटॉपवर लिनक्स घालून दिलं. त्यातलं काळ्या पडद्यावरचं ‘मेल’ मला आवडलं, एकही जाहिरात नाही. परवा सोसायटीच्या पाच सभासदांना पत्र लिहीत होतो. अर्धं झाल्यावर ध्यानात आलं की तक्रार तिसऱ्याबद्दल आहे आणि तोच यादीत! मदतीचं पान वाचून टिल्डा-टी दिलं आणि उरलेल्या चौघांचे पत्ते पुन्हा लिहिले. मग टिल्डा-पी करून पाहिलं तर यादीत नऊ पत्ते, आणि तिसरा जागच्या जागी. घाबरून दोनदा कंट्रोल-सी दाबलं. पत्र हातचं गेलंच. आता दीड पान पुन्हा लिहायचं का? — एक वाचक, सातारा

काका, आधी शेवटचं. पत्र वाया गेलेलं नाही. दोनदा कंट्रोल-सी दिलं की हा प्रोग्रॅम अर्धवट मजकूर तुमच्या होम फोल्डरमध्ये डेड.लेटर नावाच्या फाइलीत टाकतो. आपल्या टपालखात्यातही धनी न सापडलेल्या पत्रांचं डेड लेटर ऑफिस असायचं, पुढे त्याचं रिटर्न्ड लेटर ऑफिस झालं. तेच नाव इकडे आलंय. नवं पत्र सुरू करा, पत्ते द्या, विषय द्या, आणि नव्या ओळीवर टिल्डा-डी. जुना मजकूर जसाच्या तसा आत येईल. पुढचा घोटाळा व्हायच्या आत मात्र हे करून घ्या.

आता टिल्डा-टी. ती कमांड टू-च्या, म्हणजे ‘कुणाला’च्या, यादीत फक्त भर घालते. टिल्डा-सी सीसीमध्ये, म्हणजे माहितीसाठीच्या प्रतीत, भर घालते, टिल्डा-बी बीसीसीमध्ये, म्हणजे छुप्या प्रतीत. तिघींनाही काढणं ठाऊक नाही. टिल्डा-एस तेवढी वेगळी आहे, ती विषय बदलून टाकते, जुन्याला जोडत नाही. एकाच घरातल्या या चौघी, पण रीत एक नाही. तुम्ही फसलात त्यात नवल ते काय.

नाव काढायचं तर टिल्डा-एच. नव्या ओळीवर अगदी पहिल्या जागी टिल्डा, लगेच एच, मग एंटर. टिल्डाच्या आधी एक जरी स्पेस पडली तरी ती कमांड राहत नाही, पत्राचा मजकूर होते. मग टू-ची ओळ भरलेल्या पत्त्यांसकट समोर येते आणि कर्सर शेवटाला उभा राहतो. जुन्या वळणाच्या मेलमध्ये बाणाच्या किल्ल्या इथे चालत नाहीत. शेवटापासून बॅकस्पेसने पुसत पुसत तिसऱ्या नावाच्या पलीकडे जायचं आणि चौथं-पाचवं पुन्हा लिहायचं. किंवा कंट्रोल-यूने सगळी ओळ पुसून चौघांचे पत्ते नव्याने द्यायचे. एंटर दाबलं की विषय, मग सीसी, मग बीसीसी. जिथे काही बदलायचं नाही तिथे नुसतं एंटर. चारही झाल्या की तुम्ही परत मजकुरात. मग तुम्ही केलंत तसंच टिल्डा-पी करून एकदा डोळ्यांखालून घालायचं. ती सवय तुम्हाला आपसूक लागलीय, ती सोडू नका.

हे असं पुसत मागे जाणं आज विचित्र वाटतं, पण हा प्रोग्रॅम १९७८ सालचा आहे. बर्कलीच्या विद्यापीठात कर्ट शोन्स यांनी तो लिहिला. त्या काळी कित्येक ठिकाणी टर्मिनल म्हणजे कागदावर खडखडत छापणारं यंत्र असायचं. कागदावर छापलेलं पुसणार कसं आणि बाण फिरवणार कुठे? म्हणून तर ‘आतापर्यंत काय झालंय ते छापून दाखव’ अशी टिल्डा-पीची वेगळी कमांड लागली.

बॅकस्पेसचा फारच कंटाळा आला तर नातवाला विचारा की तुमच्याकडे ‘मेल’ या नावाखाली नक्की कोण बसलंय. एकाच नावाचे तीन-चार भाऊ आहेत. त्यातला एस-नेल असेल तर त्याच्या सेटिंगच्या फाइलीत ‘सेट एडिटहेडर्स’ एवढी ओळ घाला. मग टिल्डा-ई दिल्यावर एडिटरमध्ये मजकुराबरोबर वरच्या ओळीही उघडतात आणि हवं ते नाव थेट खोडता येतं.

तुमच्या कचेरीच्या भाषेत सांगते म्हणजे कायमचं बसेल. प्रति म्हणजे टू. विषय म्हणजे सब्जेक्ट. संदर्भ म्हणजे रेफरन्सेस, ती ओळ प्रोग्रॅम स्वतः भरतो. ‘प्रत माहितीसाठी’ म्हणजे सीसी. आणि जावक क्रमांक म्हणजे मेसेज-आयडी, दर पत्राला वेगळा. तुम्ही चाळीस वर्षं हेडरच, म्हणजे पत्राच्या वरच्या या ओळीच, भरत होतात, फक्त कुणी तसं म्हटलं नव्हतं.

प्रश्न : ताई, मी घरी मट हा मेलचा प्रोग्रॅम वापरते. त्यात आर दाबलं की फक्त पाठवणाऱ्याला उत्तर जातं. ऑफिसच्या सर्व्हरवर मट नाही, साधं मेलएक्स आहे. तिथे आर दाबून टीमलीडला ‘आज लवकर निघते, डोकं दुखतंय’ लिहिलं, ते सतरा जणांना गेलं. असं का? — पुणे

कारण एकाच अक्षराचे दोन अर्थ. मेलएक्स म्हणजे काकांच्या मेलचाच भाऊ, बर्कलीच्या घराण्यातला. त्यात लहान आर म्हणजे पाठवणारा आणि यादीतले सगळे. मोठा आर म्हणजे फक्त पाठवणारा. मट १९९५चं, मायकेल एल्किन्स यांचं. त्यात लहान आर म्हणजे एकटा पाठवणारा, आणि सगळ्यांना द्यायचं तर जी. दोन्हींची सवय असलेला माणूस कधी ना कधी सापडतोच.

मी २००९ मध्ये सापडले. तेव्हा जिथे होते तिथे तीन पुरवठादारांकडून यूपीएसच्या बॅटऱ्यांची दरपत्रकं मागवली होती. साहेबांनी तिघांनाही सीसीत ठेवून मला विचारलं, ‘काय वाटतं?’ मी सर्व्हरवरच होते. आर दाबलं आणि लिहिलं, ‘मधल्याने दर चढवून सांगितलाय, घासाघीस केली तर दहा टक्के उतरेल.’ पाच मिनिटांत मधल्याचा फोन. ‘मॅडम, दहा नाही जमणार, सात उतरवतो.’ सातवर सौदा झाला. साहेब हसले, पण त्यानंतर वर्षभर माझं प्रत्येक उत्तर पाठवण्याआधी ‘बाई, मधला आहे का त्यात?’ असं विचारायचे.

त्या दिवशी टू-ची ओळ माझ्यासमोर छापून आली होती, हे जास्त झोंबलं. मेलएक्समध्ये उत्तर सुरू करताच तो वर टू, सीसी आणि विषय दाखवतो आणि मगच मजकूर घेतो. मी ती ओळ पाहिली, वाचली नाही. तुमच्याही समोर सतरा नावं आली असतील. तिथेच टिल्डा-एच करून सोळा उडवता आली असती.

अक्षरांचा अर्थ उलटा करायचा तर तशी सोय आहे. काही मेलएक्समध्ये ‘सेट रिप्लायऑल’, त्यातला पहिला आर मोठा. काहींमध्ये ‘सेट फ्लिपआर’, सगळी अक्षरं लहान. नाव वाचून पहिलं ‘सगळ्यांना उत्तर’ असं वाटतं, पण त्याचं काम आर-ची अदलाबदल करणं एवढंच. तुमच्याकडे कुठलं चालतं ते ‘मॅन मेल’ या मदतीच्या पानात शोधा. मी स्वतः हे करत नाही. माझ्या हाताखाली पाच-सहा सर्व्हर आहेत. एकावर अक्षरं उलटी केली की दुसऱ्यावर पुन्हा फसणार. त्यापेक्षा मोठा आर दाबायची सवय लावून घेतली.

प्रश्न : नमस्कार. मटमध्ये एडिट-हेडर्स चालू केलं, त्यामुळे व्हिम या एडिटरमध्ये वरच्या ओळीही दिसतात. बारा जणांना मेल होता. एका ओळीत बारा पत्ते वाचवत नाहीत म्हणून पहिल्या पत्त्यानंतर स्वल्पविराम देऊन प्रत्येक पत्ता नव्या ओळीवर घेतला. मेल फक्त पहिल्याला गेला, आणि त्याच्या मजकुरात बाकीचे अकरा पत्ते नि खाली ‘सब्जेक्ट’ची ओळ छापून आली! — फोंडा

तुमची कल्पना बरोबर होती, फक्त प्रत्येक नव्या ओळीच्या सुरुवातीला एक स्पेस राहिली. हेडरची ओळ मोडून पुढे नेता येते, पण पुढची ओळ स्पेसने किंवा टॅबने सुरू झाली तरच ती आधीच्या ओळीचं शेपूट धरली जाते. तुमच्या दुसऱ्या ओळीत सुरुवातीला स्पेस नाही, मध्ये कोलनही नाही. मटने पाहिलं, हे काही हेडर दिसत नाही, म्हणजे मजकूर सुरू झाला. तिथून खालचं सगळं, विषयासकट, मजकुरात जमा. एक स्पेस घालून पाहा, बारा पत्ते बारा ओळींवर सुखाने राहतील.

याच जातीची दुसरी चूक म्हणजे रिकामी ओळ. हेडर आणि मजकूर यांच्यामध्ये कुंपण फक्त एका रिकाम्या ओळीचं असतं. व्हिममध्ये वर जाऊन चुकून मोठा ओ दाबला आणि फाइलीच्या डोक्यावर रिकामी ओळ पडली, की हेडर संपलं. खालचं सगळं मजकूर. एडिटर बंद करून मटच्या पडद्यावर परत आलात आणि टू रिकामं दिसलं तर आधी इकडे पाहा. घाबरायचं कारण नाही, ई दाबून पुन्हा आत जा आणि ती ओळ उडवा.

एडिट-हेडर्स नको असेल तरी मटमध्ये पाठवण्याआधीच्या पडद्यावर सगळं बदलता येतंच. टी दाबा, टू बदला. सी, बी, एस तसंच. आर दाबलं तर रिप्लाय-टू. एस्केप आणि एफ दिलं तर फ्रॉम. इथे बाणाच्या किल्ल्या चालतात. एका-दोघांची अदलाबदल करायला मी हेच वापरते. बारा पत्त्यांना मात्र व्हिमच बरं.

चालूच केलंय तर एक फायदा घ्या. उत्तर लिहिताना वर इन-रिप्लाय-टू अशी ओळ दिसेल. जुन्या मेलला उत्तर देत नवाच विषय काढायचा असतो तेव्हा लोक फक्त सब्जेक्ट बदलतात आणि मग तो मेल जुन्याच धाग्यात लटकतो. ती ओळ खोडली की धागा तुटतो, नवा सुरू होतो. काकांच्या भाषेत, संदर्भ काढून टाकला. आणि अटॅच लिहून कोलन, पुढे फाइलचं नाव, अशी ओळ वर घातली तर फाइलही जोडली जाते.

प्रश्न : मॅडम, आमच्या गावच्या वाचनालयाचं काम मी हौसेने बघतो. मुदत संपलेल्या पुस्तकांची आठवण क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, रोज सकाळी मेलने जाते. विषय मराठीत. काहींना नीट दिसतो, काहींना कचरा. एकाने मूळ मेल उघडून पाठवला, त्यात विषयाच्या जागी ‘बरोबर, प्रश्नचिन्ह, यूटीएफ-८, प्रश्नचिन्ह, बी’ आणि पुढे ४-के-एस, ४-के-डब्ल्यू अशी अक्षरंच अक्षरं. व्हायरस तर नाही ना? — लातूर

व्हायरस नाही हो, तो आपला मराठी विषयच आहे. मला या प्रश्नाने फार आनंद झाला, जरा लांबण लावते.

मेलच्या हेडरचे नियम १९८२चे, तेव्हा हेडरमध्ये साधी रोमन अक्षरंच चालत. बाकीच्या लिप्यांसाठी १९९६ मध्ये आरएफसी २०४७ हा नियम आला. त्याची युक्ती अशी, की अक्षरांचे बाइट घ्यायचे आणि ते साध्या रोमन अक्षरांत गुंडाळून लिहायचे. गुंडाळीच्या तोंडाशी कुठली लिपीव्यवस्था ते सांगायचं, म्हणून ते यूटीएफ-८. पुढचं बी म्हणजे बेस-६४, गुंडाळायची पद्धत.

आता बघा. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह बरोबर तीन बाइटचं, आणि बेस-६४ दर तीन बाइटांची चार अक्षरं करतं. म्हणजे आपलं एक चिन्ह, त्याची चार रोमन अक्षरं, हिशेब चोख. ‘मुदत’ घ्या. म म्हणजे ४-के-एस आणि लहान यू. उकार म्हणजे ४-के-डब्ल्यू आणि मोठा बी. द म्हणजे ४-के-एस आणि लहान एम. त म्हणजे ४-के-एस आणि लहान के. पहिली तीन अक्षरं नेहमी ४-के-एस किंवा ४-के-डब्ल्यू, बदलतं ते चौथं. आणि एस कुठे संपतो, डब्ल्यू कुठे सुरू होतो? ऱ्हस्व इकारावर एस संपतो, दीर्घ ईकारापासून डब्ल्यू लागतो. म्हणजे ‘पाणी’ला ‘पाणि’ लिहिलंत तर कच्च्या हेडरमध्येही पकडले जाल! विषयात स्पेस आली की एक बाइट मध्ये घुसतो, तीनाचा मेळ सरकतो आणि पुढचे शब्द असे ओळखू येत नाहीत.

या गुंडाळीला ७५ अक्षरांची मर्यादा आहे. वेष्टणाची १२ गेली, उरली ६३, चाराच्या पटीत ६०. म्हणजे ४५ बाइट, म्हणजे आपली १५ चिन्हं, काना-मात्रा वेगळ्या मोजून. ‘आपल्याकडील पुस्तकाची मुदत संपली आहे’ हा विषय तीन गुंडाळ्यांत जातो. नियम सांगतो की चिन्ह मध्ये तोडायचं नाही आणि वाचणाऱ्या प्रोग्रॅमने गुंडाळ्यांमधली स्पेस गाळायची. पण अक्षर एका गुंडाळीत आणि त्याची वेलांटी पुढच्या गुंडाळीत, हे नियमाला मान्य आहे. एखादा आळशी प्रोग्रॅम ती स्पेस गाळत नाही, मग वेलांटी ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलेली दिसते. म्हणून विषय आखूड ठेवा. ‘मुदत संपली’ पुरे.

काहींना कचरा दिसतो त्याचं कारण बहुधा दुसरं. जो गुंडाळलेला मेल तुम्हाला परत आला, तो वाटेत कुठल्या तरी सर्व्हरने सावरून घेतलेला असेल. साधा बर्कली घराण्यातला मेलएक्स काहीच गुंडाळत नाही, बाइट तसेच सोडून देतो. पुढे ज्याच्या प्रोग्रॅमने अंदाज बरोबर केला त्याला मराठी दिसतं, बाकीच्यांना शिमगा. स्क्रिप्टमध्ये मेलएक्सच्या जागी मट घाला. मट, मग डॅश-एस आणि अवतरणांत विषय, मग दोन डॅश, मग पत्ता, आणि मजकुराची फाइल ‘पेक्षा लहान’च्या चिन्हाने आत. फाइल जोडायची तर डॅश-ए, आणि तेव्हा ते दोन डॅश विसरू नका, नाहीतर मट पत्त्यालाच फाइल समजतं.

आणि हे केल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना प्रश्नचिन्हांची रांग गेली तर मला शिव्या देऊ नका, हे वाचा. तुम्ही हाताने चालवता तेव्हा भाषेची सेटिंग तुमच्या लॉगिनमधून येते. क्रॉनला ती मिळत नाही. त्याला वाटतं सगळं जग रोमन. क्रॉनच्या फाइलीत वरच लँग ही किंमत सी.यूटीएफ-८ अशी देऊन ठेवा, किंवा मटच्या सेटिंगमध्ये ‘सेट कॅरसेट’ यूटीएफ-८. मग रात्री क्रॉनमधूनच एक मेल स्वतःला धाडून बघा. हाताने चालवून बघितलेलं इथे उपयोगाचं नाही.

प्रश्न : बीसीसी टाकलेलं नाव खरंच कुणाला दिसत नाही का? — एक वाचक, ठाणे

माझे वडील मिरजेला आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपालसेवेत, सॉर्टर होते. रात्रभर टपाल लावायचे. पाकिटावरचा पिन आणि गाव बघायचं आणि खणात टाकायचं. आत ‘प्रिय दादा’ लिहिलंय की ‘महोदय’, त्यांना त्याच्याशी घेणं नसायचं. मेल तसाच जातो. सर्व्हर आपसांत जी पाकिटावरची नावं सांगतात ती वेगळी, आणि आत कागदावर लिहिलेलं टू-सीसी वेगळं. बीसीसी म्हणजे नाव पाकिटावर आहे, कागदावर नाही. म्हणून ते बाकीच्यांना दिसत नाही.

दिसेल कधी? प्रोग्रॅमने कागदावरही लिहिलं आणि सर्व्हरने ते खोडलं नाही तर. मटमध्ये राइट-बीसीसी नावाची सेटिंग आहे, दोन शब्दांत अंडरस्कोअर. ती चालू असेल तर मट ती ओळ मेलमध्ये घालतं. बरेच सर्व्हर ती काढून टाकतात. एक्झिम नावाचा सर्व्हर मात्र स्वतःहून काढेलच असं नाही, त्यासाठी मटच्या माहितीपुस्तिकेतच ती बंद ठेवण्याची सूचना आहे. पूर्वी ती मुळातच चालू असायची, म्हणून जुनं मट वापरत असाल तर ‘अनसेट’ करून टाका.

शिवाय तुमच्या पाठवलेल्यांच्या फोल्डरात जी प्रत राहते तिच्यात बीसीसी कायम असतं. ती स्थळप्रत. कचेरीत स्थळप्रत कोणी बाहेर देत नाही, पण मेलमध्ये ती पूर्ण हेडरसकट कुणाला पुढे पाठवणं एका किल्लीचं काम आहे, आणि लोक पाठवतात.

शंकाच असेल तर असं करा. स्वतःचा एक पत्ता टू-मध्ये घाला, दुसरा बीसीसीत, आणि पाठवा. पहिल्या पत्त्यावर आलेला मेल मटमध्ये उघडा आणि एच दाबा, सगळं हेडर उघडं होतं. त्यात दुसरा पत्ता कुठेही दिसला तर मला कळवा. सर्व्हरवर एक्झिम आहे की आणखी काही, तेही त्याच पत्रात लिहा.